एका बिनकण्याच्या नातलगाचें नांव

जुन्नर तालुक्यांतील ओझर येथील गणपतीस विघ्नहर किंवा विघ्नेश्वर म्हणतात. विघ्नासुर शरण आला तेव्हां, आपल्या नांवाआधीं माझें नांव घेतलें जावें, एवढाच वर त्यानें देवापाशीं मागितला, अशी त्या क्षेत्राची कथा आहे. अष्टविनायकांची यात्रा केलेल्या आमच्या वाचकांस ती ठाऊक असेलच. ज्याचा पाडाव झाला त्याचेंच नांव पुढें, असा प्रकार प्राणिशास्त्रांतही एका क्षुद्र समुद्रप्राण्याच्या बाबतींत घडलेला आहे.

हा प्राणी म्हणजे कॉलेजांत प्राणिशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींच्या तोंडीं असणारा ॲम्फिऑक्सस. ओझरच्या कुकडी नदींत तो कोणी शोधूं नये. तो खाऱ्या पाण्याचा. उथळ समुद्राच्या तळाशीं वाळूंत अंग पुरून केवळ तोंड वर ठेवून राहणारा. लांबी फार तर दोनअडीच इंच, अंग जवळजवळ पारदर्शक, आणि आकार विणकराच्या धोट्यासारखा, दोहों टोकांस निमुळता. जबडा नाहीं, धड डोकें नाहीं, हृदय म्हणून वेगळा अवयव नाहीं, रक्तास रंगही नाहीं. तोंडानें पाणी घ्यावें, गळ्याच्या फटींतून तें गाळून सोडावें आणि जें सूक्ष्म अन्न मागें राहील त्यावर निर्वाह करावा, एवढाच त्याचा संसार! मात्र त्याच्या पाठींतून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एक लवचिक दोरी गेलेली असते. शास्त्रीय मराठींत तिला पृष्ठरज्जु म्हणतात. मनुष्याचा गर्भ कांहीं आठवड्यांचा असतांना त्याच्याही पाठींत हीच दोरी असते. पुढें तिच्याभोंवतीं मणके तयार होतात आणि तिचा थोडा अवशेष काय तो मणक्यांमधील चकत्यांत उरतो. आपल्या देहांत जें येऊन जातें, तें या प्राण्यांत जन्मभर टिकतें. विद्वानांनीं त्याचा एवढा पिच्छा पुरविला तो याकरितां.

१७७४ सालीं पालास नांवाच्या जर्मन पंडितानें इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरचा एक नमुना पाहून त्यास बिनशंखाच्या गोगलगाईंत ढकललें, आणि भाल्याच्या पात्यासारखी म्हणून ‘लायमॅक्स लॅन्सिओलेटस’ असें तिचें बारसें केलें. १८३४ सालीं नेपल्सच्या कोस्टा यानें, हा पृष्ठवंशी प्राण्यांच्या जवळचा आहे, हें ओळखलें. परंतु तोंडाभोंवतींच्या मिशा म्हणजेच कल्ले, अशी त्याची समजूत झाली व त्यानें नांव ठेवलें ‘ब्रँकिओस्टोमा’, म्हणजे कल्लेतोंड्या. पुढें दोनच वर्षांनीं यॅरेल नांवाच्या इंग्रज गृहस्थानें पाठीच्या दोरीचें वर्णन करून ‘ॲम्फिऑक्सस’, म्हणजे दोहोंकडे टोंकदार, हें नांव दिलें. हें मात्र बिनचूक होतें; पण शास्त्राचा नियम ज्येष्ठतेचा! आधीं छापून आलें तें ग्राह्य. तेव्हां आज या प्राण्याचें अधिकृत नांव ‘ब्रँकिओस्टोमा लॅन्सिओलेटम’. त्यांत अर्धा वांटा कोस्टाच्या गैरसमजाचा, अर्धा पालासच्या गोगलगाईचा. आणि बिचारें बरोबर नांव केवळ बोलण्यांत राहिलें.

असें असूनही आम्हांस हा नियम योग्यच वाटतो. प्रत्येक पिढीनें नवें ज्ञान होतांच नवें नांव ठेवावयाचें म्हटलें, तर मागचें लिखाण पुढच्यास कळणार कसें? ऐंशी वर्षांच्या गृहस्थांस सारें घर बाळकाका म्हणतें, तेव्हां त्यांच्या वयाचा हिशेब कोण मागतो?

चीनमधील शियामेन, जुनें आमॉय, येथील कोळ्यांनीं या प्राण्यास विद्येच्या देवाचें, वेनचांगाचें, नांव दिलें आहे. तेथें तो खाण्यासाठीं मोठ्या प्रमाणावर धरीत, आणि १९२३ सालीं ‘सायन्स’ या अमेरिकन नियतकालिकांत त्या धंद्याची हकीकत आली होती. पुढें १९५० नंतरच्या दशकांत तेथें समुद्रांत बांध घातला गेला, प्रवाह बदलले, आणि तो धंदा बुडाला.

या प्राण्यास आपला पूर्वज म्हणण्याची चाल आहे, ती मात्र सोडलेली बरी. तो आजोबा नव्हे, दूरच्या पातीचा भाऊबंद. त्यांतही २००६ सालच्या आनुवंशिक संशोधनानें खडकांस चिकटून राहणाऱ्या पिशवीसारख्या समुद्रप्राण्यांचें कूळ आपल्या अधिक जवळचें ठरविलें आहे, मग दिसण्यांत तें कितीही परकें असो.

मराठी पुस्तकांत आपण ‘ॲम्फिऑक्सस’ हाच ग्रीक शब्द देवनागरींत लिहितों, आणि मुलें तो अर्थावांचून पाठ करतात. ज्येष्ठतेचा नियम लॅटिन नांवांपुरता आहे. घरच्या भाषेस तो बांधील नाहीं. तेव्हां ‘कल्लेतोंड्या’ ही चूक जाणूनबुजून मराठींत कशाला आणावी? आम्ही ‘दुटोकी’ हा शब्द सुचवितों. घरांतील विद्यार्थ्यांस याहून सुटसुटीत कांहीं सुचल्यास त्यांनीं अवश्य लिहून पाठवावें.