संस्थेचा ईमेल पत्ता संस्थेच्याच नावे असावा

शेतमालाच्या व्यवहारात पत्रव्यवहाराचे महत्त्व दिवसेंदिवस वाढत आहे. खरेदीदाराची मागणी, प्रयोगशाळेचा अहवाल, बँकेची सूचना, करखात्याची नोटीस ही सारी आता ईमेलने येतात. कंपनी कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीने शेतकरी उत्पादक कंपन्यांचा मार्ग मोकळा झाला आणि अशा अनेक कंपन्या उभ्या राहिल्या. गोदाम, चाळणी यंत्र, वजनकाटा यांची नोंद त्यांच्या दप्तरी काटेकोरपणे असते. परंतु ज्या पत्त्यावर हा सारा पत्रव्यवहार येतो, तो पत्ता पुष्कळदा सचिवाचा अथवा त्याच्या मुलाचा खासगी असतो. ही बाब किरकोळ मानणे योग्य नव्हे.

सचिव बदलला की अडचण उभी राहते. पासवर्ड त्याच्याजवळ, ओटीपी त्याच्या मोबाइलवर. यात कोणाची नियत वाईट असते असे नाही. माणूस नोकरीनिमित्त गाव सोडतो किंवा आजारी पडतो. पण जुने करार, दर आणि ग्राहकांचे पत्ते त्याच्याबरोबर जातात. द्राक्षाची मागणी न उघडलेल्या पेटीत पडून राहिली, तर माल वेलीवर थांबत नाही. करखात्याच्या नोटिशीची मुदतही थांबत नाही.

यावर उपाय म्हणजे संस्थेने स्वतःचे डोमेन, म्हणजे इंटरनेटवरील स्वतःचे नाव, नोंदवून त्यावर ईमेल चालविणे. आपल्या देशासाठीचे ‘डॉट इन’ हे नाव २००५ पासून सर्वांस सहज घेता येते. देवनागरीतील ‘डॉट भारत’ २०१४ मध्ये सुरू झाले. तथापि देवनागरी ईमेल पत्ता सर्वच यंत्रणा अद्याप स्वीकारीत नाहीत, म्हणून मुख्य पत्ता रोमन लिपीत ठेवणे सोयीचे. सहकारी संस्थांसाठी ‘डॉट कोऑप’ राखून ठेवलेले आहे. आणंदच्या अमूलने तेच वापरले आहे.

सात-बारा कोणाच्या नावे?

जमीन घेताना सात-बारा पाहिला जातो. डोमेन घेताना हीच दक्षता अगत्याची आहे. संकेतस्थळ करून देणारा कारागीर कित्येकदा नाव स्वतःच्या खात्यावर नोंदवितो आणि पुढे त्याच्याशी बिनसले की संस्थेची अडवणूक होते. म्हणून नोंदणीत मालक म्हणून संस्थेचेच नाव असावे व पावती दप्तरी लावावी. डोमेन कायमचे विकत मिळत नाही. ते १ ते १० वर्षांच्या मुदतीने मिळते. मुदत टळल्यावर थोडी सवलत मिळते, परंतु अखेर ते नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो आणि मग संस्थेची पत्रे त्याच्या हाती जाऊ शकतात. नूतनीकरणाची सूचना ज्या पत्त्यावर येते तो पत्ता त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेन बंद पडले की ती सूचनाही बंद पडते.

पेट्या पदांच्या नावे

अध्यक्ष, सचिव, विक्री, हिशेब अशी पदांची नावे पत्त्यांना द्यावीत. माणूस बदलला तरी पत्ता बदलत नाही. एकच पासवर्ड चौघांत वाटणे घातक होय. त्याऐवजी ‘विक्री’चे पत्र दोघांच्या पेटीत पोचेल अशी योजना करावी. मुख्य व्यवस्थापकाचे अधिकार दोन व्यक्तींकडे असावेत व दुहेरी पडताळणी चालू ठेवावी. पदाधिकारी बदलताच पासवर्ड बदलावा, जुन्या मोबाइलवरील प्रवेश रद्द करावा आणि या हस्तांतराची नोंद सभेच्या इतिवृत्तात घ्यावी.

पत्र पोचावे म्हणून

डोमेनच्या नोंदीत चार गोष्टी भरून घ्याव्या लागतात. ‘एमएक्स’ नोंद येणारी पत्रे कोठे उतरवावयाची ते सांगते. ‘एसपीएफ’मध्ये संस्थेच्या नावे पत्रे पाठविण्याची मुभा कोणत्या यंत्रणांस आहे त्याची यादी असते, ही नोंद एकच असावी, दोन झाल्यास ती निरुपयोगी ठरते. ‘डीकेआयएम’ ही पत्रावरील मोहोर होय. या तपासणीत न उतरलेल्या पत्राचे काय करावे, हे ‘डीमार्क’ सांगते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने आपल्या ग्राहकांस पत्र पाठविणाऱ्या प्रत्येकासाठी एसपीएफ वा डीकेआयएम आवश्यक केले असून दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांस तिन्ही बंधनकारक आहेत. या नोंदी नसल्यास दरपत्रक खरेदीदाराच्या नको असलेल्या पत्रांत जाऊन पडण्याचा संभव असतो.

‘आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे’ असे खोटे पत्र पाठवून पैसे लुबाडण्याचे प्रकार घडतात. वरील नोंदींनी संस्थेच्या नेमक्या नावाचा गैरवापर पुष्कळ आवरता येतो. पण एका अक्षराने वेगळे डोमेन घेणारा ठग त्यांना जुमानत नाही. म्हणून असे पत्र आल्यास, आधीपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करूनच खात्री करावी.

कोणी म्हणेल, फुकटची ईमेल असताना हा खर्च कशासाठी? एकट्या शेतकऱ्यापुरते हे म्हणणे बरोबर आहे. त्याला फुकटची पेटी पुरेशी आहे. परंतु जेथे अनेकांचे भागभांडवल गुंतले आहे, तेथे पत्रव्यवहारही सर्वांच्या मालकीचा असला पाहिजे. त्यासाठी स्वतःचे यंत्र कार्यालयात मांडण्याची मात्र गरज नाही. त्याची राखण लहान संस्थेस झेपत नाही. आधी दोन-तीन पेट्या भाड्याने घेऊन प्रारंभ करावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी संस्थेच्या पुढील सभेत चार प्रश्न विचारावेत: डोमेन कोणाच्या नावे आहे? त्याची मुदत केव्हा संपते? दुसरा व्यवस्थापक कोण? मागील सचिवाचा प्रवेश बंद झाला काय? उत्तरे समाधानकारक नसतील तर त्याच सभेत ठराव करून काम एका व्यक्तीकडे सोपवावे. सचिव जाग्यावर आहे तोवर हे काम एका दिवसाचे आहे. तो गेल्यानंतर किती दिवस लागतील हे सांगता येत नाही.