ओआरएमची निवड आणि एसक्यूएलबंदीचे कलम

एसक्यूएल कोणी लिहायचे, हे ओआरएम निवडताना ठरते. हायबरनेट आणि एंटिटी फ्रेमवर्क कोअर ऑब्जेक्टमधले बदल टिपून इन्सर्ट-अपडेट स्वतः तयार करतात. मायबॅटिस आणि डॅपरमध्ये एसक्यूएल प्रोग्रामरच लिहितो; साधन फक्त रो आणि ऑब्जेक्ट जुळवून देते. एकेक नोंद उघडून बदलणाऱ्या स्क्रीनना पहिला प्रकार सोयीचा, विंडो फंक्शन आणि सीटीईंनी भरलेल्या रिपोर्टना दुसरा. एकाच प्रकल्पात दोन्ही सुखाने नांदू शकतात.

पण नांदू दिले जात नाहीत, ही अनेक टीमची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. आर्किटेक्चर समित्यांच्या कोडिंग स्टँडर्डमध्ये ‘हाताने लिहिलेले एसक्यूएल चालणार नाही’ असे कलम असते. कारण एकच: उद्या डेटाबेस बदलता आला पाहिजे. त्याच प्रकल्पातला निम्मा हिशेब ओरॅकलच्या स्टोअर्ड प्रोसीजरमध्ये चालत असला, तरी कलम कायम राहते. डेटाबेस सहसा वर्षानुवर्षे तोच असतो. बदलते ते ओआरएम. २०१६ मध्ये एंटिटी फ्रेमवर्क कोअर नव्याने लिहून आले. २०२२ मध्ये हायबरनेट ६ ने स्वतःची जुनी क्रायटेरिया एपीआय काढून टाकली, आणि तिच्यात लिहिलेल्या सगळ्या क्वेऱ्या पुन्हा लिहिणे भाग पडले.

समित्यांनी तपासायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत. जेपीएमध्ये मेनी-टू-वन नाते सांगितल्याशिवायच ईगर असते. जेपीक्यूएलने १०० ऑर्डर आणल्या आणि फेच जॉइन राहून गेला, तर ग्राहकांसाठी आणखी १०० क्वेऱ्या जाऊ शकतात. आयडेंटिटी की ठेवली की हायबरनेट इन्सर्टचे बॅचिंग गुपचूप बंद करते. सीक्वेन्स वापरला तर ते चालते. एंटिटी फ्रेमवर्क कोअरच्या ३.० पूर्वीच्या आवृत्त्या एसक्यूएलमध्ये न बसणारी अट मेमरीत चालवत, त्यासाठी प्रसंगी अख्खे टेबल ओढून आणत. २०१९ च्या ३.० पासून तिथे एक्सेप्शन येते. डेव्हलपरच्या मशीनवरच्या वीसेक रोंमध्ये यातले काहीच जाणवत नाही. समितीला दोष देणाऱ्या अनेक टीमही एसक्यूएल लॉग उघडून पाहत नाहीत, आणि ही हयगय तितकीच महाग पडते.

टीम लीडनी प्रकल्पातली सर्वांत अवघड स्क्रीन दोन्ही प्रकारच्या साधनांत करून घ्यावी, प्रॉडक्शनएवढ्या डेटावर आणि लॉग चालू ठेवून. क्वेऱ्यांची संख्या टेस्टमध्येच मोजावी. ती वाढली की बिल्ड अडवावा. तो लॉग समितीपुढे ठेवून एसक्यूएलबंदीचे कलम रद्द करून घ्यावे. हाताने लिहिलेल्या प्रत्येक क्वेरीचा रिव्ह्यू होईल आणि तिला टेस्ट असेल, एवढी अट त्या जागी पुरेशी आहे.