पडद्यावरचे भय आणि घरातील ज्येष्ठ

१९७९ सालच्या 'एलियन' या चित्रपटात जेवणाच्या वेळी एका अंतराळप्रवाशाची छाती फोडून विचित्र जीव बाहेर येतो. असे दृश्य नातवंडांसोबत पाहताना आपली छाती धडधडली, तर तो भित्रेपणा नव्हे. भयाने ॲड्रेनॅलिन स्रवते. नाडी व रक्तदाब वाढतात. उलट रक्त पाहून काहींचा रक्तदाब एकाएकी उतरतो आणि भोवळ येते. अशा वेळी आडवे व्हावे, पाय उंच ठेवावेत. छातीत दुखू लागल्यास मात्र विलंब न करता रुग्णालय गाठावे.

जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यातही रात्री राक्षसांचे मुखवटे नाचतात. परंतु तेथे भोवती सारा गाव असतो आणि मुखवट्यामागचा माणूस ओळखीचा असतो. म्हणून ते भय सोसवते. अंधाऱ्या खोलीत एकट्याने पाहिलेल्या चित्रपटाला हा आधार नसतो.

स्मृतिभ्रंश झालेल्या आजी-आजोबांना तर पडद्यावरचे रक्त खरेच वाटू शकते. 'हे खोटे आहे' असा वाद त्यांच्याशी घालू नये. चित्रपट बंद करावा, दिवा लावावा, त्यांचा हात हाती घ्यावा आणि शांतपणे म्हणावे, "मी इथेच आहे."