विहाराचा मीटर आणि तीन रिक्षा



गेल्या महिन्यात आमच्या विहार कमिटीच्या बैठकीत विजेच्या बिलावरून चांगलीच जुंपली. चार-पाचशेच्या आत येणारे बिल एकदम पाच हजारांवर गेले होते. बी.कॉम. झालेला कारकून म्हणून कागद माझ्यापुढे सरकवला गेला. कारण शोधायला लांब जावे लागले नाही. वस्तीतली तीन पोरे बॅटरीवरच्या रिक्षा रात्री विहाराच्या भिंतीला लावतात आणि खिडकीतून वायर टाकून चार्ज करतात. एका रिक्षाला रात्रीला सात-आठ युनिट लागतात. तीन रिक्षांचे महिन्याला सहाशेच्या वर झाले.

एक कार्यकर्ता म्हणाला, "विहार समाजाचं, पोरंही समाजाची." त्यावर एक ज्येष्ठ उपासिका उसळल्या, "आम्ही धुणीभांडी करून वर्गणी देतो, ती काय रिक्षात घालायला?" दोघांचेही खरे होते.

पण पोरांनी जावे कुठे? बोळात रिक्षा शिरत नाही. बॅटऱ्या काढून घरात घ्याव्यात तर शिशाच्या बॅटरीतून चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो. कोंदट खोलीत, पेटत्या गॅसजवळ तो भडकू शकतो. शिवाय घरच्या मीटरवर शंभर युनिटांनंतर दर चढतो. खांबावर आकडा टाकला तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १३५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, आणि जिवाशी खेळ तो वेगळाच.

गावात चार्जिंगची सोय नाही असे नाही. हमरस्त्यावर हॉटेलाशेजारी मोठे यंत्र उभे आहे, पण ते मोटारींसाठी. त्याची जाड केबल या रिक्षांना बसतच नाही. रिक्षाला लागते काय, तर पंधरा अँपिअरचा एक सॉकेट आणि आठ-दहा तासांची रात्र. स्कूटर-रिक्षांसाठी स्वस्त चार्जिंग पॉइंटचे भारतीय मानक २०२१ मध्येच ठरले. साडेतीन हजारांत तो मिळावा असे उद्दिष्ट सरकारनेच सांगितले होते. म्हणजे मोटारवाल्याची सोय झाली आणि साडेतीन हजारांची वस्तू मात्र स्टँडवर लागली नाही!

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. वीजही त्यांच्याच खात्यात होती. ऑक्टोबर १९४३ मधल्या भाषणात त्यांनी विजेचा संबंध थेट देशाच्या दारिद्र्याशी जोडला. ती स्वस्त आणि मुबलक मिळाली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. हे मी बैठकीत सांगितले, तेव्हा कुठे आवाज खाली आले.

मग कामाचे बोलणे झाले. चार्जिंग केंद्राला वीजविक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्र सरकारने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. महावितरणकडे त्यासाठी वेगळ्या वर्गाची जोडणी मिळते. त्या जोडणीला घरगुती मीटरसारखे चढते टप्पे नसतात. म्हणून नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना अर्ज लिहिला. रिक्षा स्टँडमागच्या मोकळ्या जागेत स्वतंत्र मीटर, सहा सॉकेट, वर पत्र्याचे छप्पर आणि रात्रीचा दिवा, एवढीच मागणी. सह्या घेताना इतर समाजाचे रिक्षावालेही आले, कारण अडचण सगळ्यांचीच. त्या उपासिकांनी अंगठा सर्वांत आधी उमटवला.

विहाराची वायर मात्र त्याच रात्री काढली. जादा बिल पोरे तीन हप्त्यांत फेडणार आहेत. त्यांपैकी एकाचा रिक्षाच्या कर्जाचा हप्ता दर दहा तारखेला असतो. तो बैठकीतून काही न बोलता उठून गेला. सध्या तो चार किलोमीटरवर मामाच्या शेतातल्या घरी रिक्षा लावतो आणि पहाटे पाचला स्टँडवर येतो.

आपल्या गावीही हीच अडचण असेल तर असाच अर्ज करा. पोहोच शिक्क्यासह घ्या. आमची फाइलमध्ये आहे. येत्या सोमवारी आम्ही पुन्हा नगरपरिषदेत जाणार आहोत.