जन्मस्थळ : भुसावळ

दर वर्षी जून महिना आला की प्रवेश अर्ज तपासण्याचे काम माझ्या गळ्यात पडते. इतर रकाने सोपे असतात, पण ‘जन्मस्थळ’ आणि ‘मातृभाषा’ हे दोन रकाने आमच्या भागात जरा थांबून वाचावे लागतात. पणजोबांचा जन्म निजामाच्या राज्यात, आजोबांचा म्हैसूर राज्यात, वडिलांचा कर्नाटकात, आणि तिघांचेही गाव एकच, जनवाडा. घर हलले नाही, उंबरा हलला नाही. राज्याचे नाव तेवढे बदलत गेले. मातृभाषेच्या रकान्यात मुले ‘मराठी’ लिहितात, आणि अर्ज देऊन जाताना शिपायाशी कानडीत बोलतात. यात कुणाला काही वावगे वाटत नाही.

यंदा अर्जांच्या गठ्ठ्यात मान घालून बसलो असताना बी.ए. दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याचे वडील आले. पायात चिखल, हातात बियाण्याची पिशवी. मुलगा त्यांच्या मागे खाली मान घालून उभा. “सर, तुम्ही तरी सांगा ह्याला. चेंडू लाथाडून पोट भरतंय का? नाव तरी व्हावं, तर तेबी न्हाई.”

मुलगा फुटबॉल खेळतो. मधल्या फळीत. वडिलांची तक्रार एका अर्थी बरोबर होती. गोल करणाऱ्याचे नाव होते, गोलरक्षकाचेही होते. मधल्या फळीतला खेळाडू मात्र दीड तास धावतो, चेंडू हिसकावतो, पुढच्याला देतो, पुन्हा मागे पळतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत त्याचा पत्ता नसतो. आमच्या घरी लग्नात पंगत वाढणाऱ्यांचे जे होते, तेच.

तेव्हा त्या बापलेकांना बसवून मी एका खेळाडूची गोष्ट सांगितली. वाचकहो, तीच तुमच्यापुढे ठेवतो. त्याचे नाव रिकी हेपोलेट. इंग्लंडच्या जुन्या खेळाडूंच्या यादीत त्याच्या नावापुढे जन्मस्थळ म्हणून भुसावळ लिहिलेले आहे. होय, आपले केळी आणि रेल्वेवाले भुसावळ, जिल्हा जळगाव.

एप्रिल १९४९ चा त्याचा जन्म. कुटुंब अँग्लो-इंडियन. भुसावळात असे आडनाव कसे, हा प्रश्न वाडी जंक्शन पाहिलेल्या आपल्या वाचकांना पडणार नाही. जिथे मोठे जंक्शन, तिथे इंजिनाची शेड, रेल्वेची वसाहत, नाचगाण्याचे इन्स्टिट्यूट, आणि गार्ड-ड्रायव्हरांत इंग्रजी आडनावाची माणसे. १९४७ नंतर त्यांतली हजारो कुटुंबे बोटीने इंग्लंडला गेली. जो देश त्यांनी कधी पाहिला नव्हता, त्याला ती ‘होम’ म्हणत. रिकीही लहानपणीच तिकडे गेला, आणि मोठेपणी लँकेशायरमधल्या प्रेस्टन नॉर्थ एंड या क्लबातून खेळू लागला.

प्रेस्टन हे कापडगिरण्यांचे गाव. अमेरिकेत यादवी पेटली आणि तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांना खानदेश-वऱ्हाडच्या कापसाची आठवण झाली. त्याच दशकात आगगाडी भुसावळला पोहोचली. म्हणजे भुसावळ आणि प्रेस्टन यांचे धागे रिकीच्या आधीपासून जुळलेले होते. (मी इतिहास शिकवतो, त्यामुळे मला असे धागे जरा जास्तच दिसतात, हे कबूल.) पुढे २०१० साली पुण्याच्या वेंकीज या कोंबडीवाल्या कंपनीने प्रेस्टनच्या शेजारचाच ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब विकत घेतला. आता बोला!

इंग्लंडात तेव्हा फुटबॉल लीगचे चार विभाग होते, एकूण ९२ क्लब. वरच्या विभागातले खेळाडू सगळ्या जगाला माहीत. खालच्या तीन विभागांतले फक्त आपापल्या गावाला. १९६१ पर्यंत तर आठवड्याला वीस पौंडांच्या वर पगार देण्याची सोयच नव्हती, मग खेळाडू कितीही मोठा असो. याच प्रेस्टनचा टॉम फिनी देशाच्या संघातून खेळे आणि नळदुरुस्तीचा धंदाही सांभाळी. नंतर बंधन उठले, पण खालच्या विभागात सुबत्ता आली असे नव्हे. करार थोड्या मुदतीचा. मोसम संपला की कुणाला ठेवायचे आणि कुणाला सोडायचे याची यादी लागे. आपल्याकडच्या तात्पुरत्या अधिव्याख्यात्यांना हा मे महिना वेगळा समजावून सांगायला नको.

प्रेस्टन हा १८८८-८९ च्या पहिल्याच लीगमध्ये एकही सामना न हरता अजिंक्य ठरलेला क्लब. तोच १९७० मध्ये इतिहासात पहिल्यांदा तिसऱ्या विभागात घसरला. गावाची मान खाली गेली. पुढच्या मोसमात नवे व्यवस्थापक आले, थोरले अ‍ॅलन बॉल. त्यांचा मुलगा १९६६ च्या विश्वविजेत्या संघात होता. मोसमाच्या शेवटी, मे १९७१ मध्ये, प्रेस्टनची गाठ लंडनला फुलहॅमशी पडली, त्यांच्याच मैदानावर. प्रेस्टन १-० ने जिंकले. गोल आमच्या भुसावळकराचा, डोक्याने मारलेला. नंतर रॉदरहॅमला ३-० हरवून प्रेस्टनने तिसऱ्या विभागाचे अजिंक्यपद घेतले. गुण प्रेस्टनचे ६१, फुलहॅमचे ६०. विजयाला तेव्हा दोन गुण मिळत. तो एक गोल नसता, तर हे दोन आकडे नेमके उलटे झाले असते.

मधल्या फळीतल्या माणसाच्या वाट्याला असा दिवस क्वचितच येतो. हेपोलेटचे लीगमधले सामने तीनशेच्या वर आहेत, आणि सगळे गोल मिळून तीसही नाहीत.

त्यानंतर १९७२ मध्ये तो लंडनच्या ओरिएंट क्लबात गेला. तिथे १९७३-७४ च्या मोसमात ओरिएंट अगदी पहिल्या विभागाच्या दाराशी पोहोचला. शेवटचा सामना घरच्या मैदानावर, अ‍ॅस्टन व्हिलाशी. जिंकले की वर. सामना १-१ बरोबरीत सुटला. कार्लाइल ४९, ओरिएंट ४८. कार्लाइल वर गेला. प्रेस्टनला ज्या एका गुणाने उचलले होते, तसल्याच एका गुणाने इथे दार लावून घेतले. पुढे क्रिस्टल पॅलेसमध्ये काही महिने, मग चेस्टरफील्ड, शेवटी पीटरबरो. ओरिएंटमध्ये त्याच्या सोबत लॉरी कनिंगहॅम नावाचा एक कोवळा काळा मुलगा खेळू लागला होता. तो पुढे रिआल माद्रिदला गेला आणि जगभर गाजला. हेपोलेट गाजला नाही. पहिल्या विभागाचे गवत त्याला मिळाले नाही.

मग तो आपला कसा? हा प्रश्न मी स्वतःलाच विचारला. त्याने खेळ तिकडे शिकला, गोल तिकडे केला, टाळ्या तिकडे घेतल्या. भुसावळने त्याला एक रकाना तेवढा दिला. अशी माणसे ‘आमचा माणूस’ म्हणून उचलून धरण्याची आपल्याला फार हौस आहे, आणि मला ती आवडत नाही. पण त्याच वेळी असेही वाटते की, जन्मस्थळाच्या रकान्यावर आम्ही सीमाभागातली माणसे इतका जीव टाकतो, तर तो रकाना त्याच्याही बाबतीत अगदीच रिकामा कसा म्हणावा?

आणि फुटबॉल आपल्याला परका मुळीच नाही. बिदर हैदराबाद राज्यातून सुटून म्हैसूरला जोडले गेले १ नोव्हेंबर १९५६ ला. त्याच महिन्यात हैदराबादचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी घडवलेला भारतीय संघ मेलबर्न ऑलिंपिकसाठी उतरला होता. त्या संघाने ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवले, मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने त्यात तीन गोल मारले, आणि भारत चौथा आला. आमच्या आधीच्या पिढीला नोव्हेंबर १९५६ म्हटले की फक्त नकाशा आठवतो.

असो. गोष्ट संपली तरी वडील गप्पच होते. बियाण्याची पिशवी त्यांनी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. मग विचारले, “म्हंजे शेवटपर्यंत वरच्या नंबरात गेलाच न्हाई म्हणा?”

“नाही गेला.”

“आन् त्या गोलानंतर किती वर्सं खेळला?”

“आठ वर्षं तरी.”

“पगारी?”

“पगारी.”

त्यांनी मुलाकडे एकदा नीट पाहिले, आणि म्हणाले, “मग बरंच हाय की सर. ह्याची हजेरी तेवढी भरती का बघा.”