दोन टक्क्यांचे दातृत्व आणि कलेचा आश्रय

आपल्याकडे एक समज हळूहळू दृढ होत चालला आहे. कला आणि संस्कृती यांचा सांभाळ शासनाला झेपणारा नाही. तो उद्योगसमूहांवर आणि त्यांच्या प्रतिष्ठानांवर सोपवावा, म्हणजे पैसाही येईल आणि कार्यक्षमताही येईल, असे चर्चासत्रांतून आणि शासकीय टिपण्यांतूनही मांडले जाते. हा समज मला घातक वाटतो. त्याची कारणे क्रमाने देतो.

पहिला प्रश्न असा की, ज्याला आपण दातृत्व म्हणतो ते दातृत्व आहे काय? कंपनी कायदा, २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ५०० कोटी रुपयांचे नक्त मूल्य, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एकही निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावेत, असे त्यात आहे. राष्ट्रीय वारसा, कला, संस्कृती आणि पारंपरिक हस्तकला यांना सातव्या अनुसूचीत स्थान मिळाले. २०२१ पासून हा खर्च टाळणाऱ्यास दंडही आहे. म्हणजे ही रक्कम करासारखीच सक्तीची झाली. फरक एवढाच की, कर कोठे खर्च व्हावा हे विधिमंडळ ठरवते. ही रक्कम कोठे जावी हे संचालक मंडळ ठरवते. सक्तीने द्यावयाच्या पैशावर देणाऱ्याचे नाव कोरले जावे आणि समाजाने त्याबद्दल कृतज्ञ राहावे, हा व्यवहार मला न्याय्य वाटत नाही.

सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांच्या बाबतीत तर हा भेदही उरत नाही. नर्मदेकाठच्या सरदार पटेलांच्या पुतळ्यासाठी पाच सरकारी तेल कंपन्यांनी या निधीतून १४६.८३ कोटी रुपये दिले. पुतळा नवा आहे, तो वारसावास्तू नाही. सबब हा खर्च सातव्या अनुसूचीत बसत नाही, असा आक्षेप नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१८ च्या अहवालात नोंदवला. पटेलांच्या थोरवीविषयी दुमत नाही. परंतु 'वारसा' या शब्दाची व्याख्या सोयीनुसार ताणता येते, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

दुसरा प्रश्न असा की, हा पैसा काय विकत घेतो? त्याला दगड आवडतो, कारण दगडावर फलक लावता येतो. केंद्र शासनाने २०१७ मध्ये 'वारसा दत्तक घ्या' योजना आणली. २०१८ मध्ये लाल किल्ल्यासाठी एका सिमेंट उद्योगसमूहाशी करार झाला, तेव्हा 'किल्ला विकला' म्हणून गदारोळ उठला. तो अज्ञानमूलक होता. करार प्रसाधनगृहे, पिण्याचे पाणी, दिवे, दिशाफलक अशा पर्यटक सुविधांचा होता. विचारायला हवे होते ते असे की, देशातील सर्वांत प्रसिद्ध वास्तूला पुरस्कर्ता मिळतो, मग ज्या मंदिराकडे किंवा बारवेकडे पर्यटक फिरकतच नाही, तिला कोण दत्तक घेणार? बाजार लोकप्रियतेच्या मागे जातो. शासनाने त्याच्याही मागे जावे हे अनाकलनीय आहे.

तिसरा आणि माझ्या मते सर्वांत गंभीर मुद्दा काळाचा आहे. केरळच्या कूडियाट्टमचा नट किंवा ख्यालगायक घडायला एक तप लागते. नियमांप्रमाणे चालू प्रकल्पाची मुदत आरंभीचे वर्ष सोडून तीन वर्षांची. जिल्ह्यात काम करीत असताना लोकगायकांच्या मुलांना शिक्षण देण्याचा एक प्रस्ताव मी एका कंपनीपुढे ठेवला होता. मुले बारा होती. अधिकाऱ्याने पहिला प्रश्न केला, "लाभार्थी किती?" त्याच कंपनीने त्याच वर्षी एका रात्रीच्या महोत्सवासाठी भव्य मंडप उभारला. महोत्सवाचा खर्च जाहिरातीच्या खात्यातून होत असेल तर हरकत नाही. मात्र त्याला संस्कृतिसंवर्धन म्हणू नये. बारा ही संख्या अहवालात लहान दिसते. परंपरेत बारा शिष्य म्हणजे एक पिढी असते.

खाजगी पैसा नेहमीच असा होता असे नाही. कोमल कोठारी आणि विजयदान देथा यांनी १९६० मध्ये राजस्थानातील बोरुंदा येथे रूपायन संस्थान उभारले आणि लंगा-मांगणियार गायकांचे भांडार जगापुढे आणले; त्या कार्याला फोर्ड प्रतिष्ठानाचेही साहाय्य मिळाले. कोलकात्याच्या आयटीसी संगीत संशोधन अकादमीने गुरूंना निवास आणि शिष्यांना वर्षानुवर्षे निर्वाह दिला. दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्याचे काम करताना आगाखान न्यासाने २००७ पासून शेजारच्या निजामुद्दीन बस्तीतील शाळा, दवाखाना आणि कव्वालीची परंपरा यांनाही हात घातला. या तिन्ही ठिकाणी पैशाइतकीच धीराचीही गुंतवणूक होती. आज तो धीर दुर्मिळ झाला आहे. त्यातच २०२० च्या दुरुस्तीने विदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळती करण्यास बंदी आली. मोठ्या संस्थेकडून गावातल्या छोट्या मंडळापर्यंत पैसा पोहोचवणारी वाट त्यामुळे बुजली. उरलेली देशी वाट नोंदणी, तीन वर्षांचा कार्यानुभव आणि प्राप्तिकराची प्रमाणपत्रे यांनी अडलेली आहे. तमाशाच्या फडाने किंवा पुरुलियाच्या छाऊ मंडळाने ही कागदपत्रे कोठून आणावीत?

शासनाचा आश्रय निर्दोष आहे असे माझे म्हणणे नाही. अनुदान वेळेवर न मिळणे, शिफारशींचा बाजार, समित्यांवरील आप्तेष्ट, हे सारे मी फायलींतून पाहिले आहे. परंतु शासनाला जाब विचारता येतो. माहितीचा अधिकार आहे, लेखापरीक्षण आहे, सभागृहातला प्रश्न आहे. खाजगी संचालक मंडळाला कलावंत काय विचारणार?

म्हणून तीन सूचना करतो. एक, वारसा व कला या शीर्षाखालील खर्चाचा ठराविक भाग राज्यस्तरीय सामायिक निधीत जमा व्हावा आणि त्याचा विनियोग जाणकारांच्या, फिरत्या मुदतीच्या समितीने करावा. १९९६ साली स्थापन झालेला राष्ट्रीय संस्कृती निधी हा त्याचा पाया होऊ शकतो. दोन, गुरु-शिष्य शिक्षणाला किमान दहा वर्षांची मुदत मिळावी. तीन, नोंदणी नसलेल्या मंडळांची कागदोपत्री जबाबदारी जिल्हा प्रशासनाने घ्यावी.

उद्योगांचा पैसा अवश्य यावा. मात्र त्याने शासनाच्या कर्तव्याची जागा घेऊ नये. राजाश्रय गेला तेव्हा लोकशाहीने कलावंताला मान देऊ केला होता. त्याला पुन्हा कोणाच्या तरी दरबारात उभे करणे ही प्रगती नव्हे.