चारही चाके फिरतात, पण थांबतात कशी?

आयर्लंडमधील डून लेरीहून विकलो डोंगरांतील सॅली गॅप या सुमारे ५०० मीटर उंचीच्या खिंडीत, कोणताही बदल न केलेली एसयूव्ही गोठलेल्या वाटांवरूनही निर्धास्त नेता येते, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे विधान अर्धेच खरे आहे. फोर-व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना पुरवणारी रचना, चढाला उपयोगी पडते; ब्रेक मात्र साध्या मोटारीलाही चारही चाकांवर असतात, त्यामुळे उतारावर भिस्त राहते ती टायरच्या रबरावर, आणि उन्हाळी टायरचे रबर सुमारे ७ अंश सेल्सिअसखाली कडक होऊ लागते. या खिंडीतून जाणारा, १८०० ते १८०९ दरम्यान बांधलेला मिलिटरी रोड सोडून बाजूच्या पीटमध्ये, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या ओल्या थरात, गाडी घालण्यास तर या डोंगरांतील राष्ट्रीय उद्यानात मनाईच आहे. पत्रलेखकाने ही मनाईच नेमकी गाळावी, हे नवल.
— एक वाचक, डून लेरी